स्टीलच्या ग्लासातली रेड वाइन

‘‘मॅडम, मी ५४ वर्षांची. दिंडोरीकडच्या एका गावात राहते, घरची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह होती. ऑपरेशन, केमो, रेडिएशन झालं. आता लेट्रोझोलची रोज एक गोळी चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत. साखर तेवढी काठावर आहे. धाकट्या भावजींनी मोबाइलवर वाचलं की रेड वाइनमध्ये कॅन्सर मारणारं द्रव्य असतं. ते वाइनरीला द्राक्ष घालतात. त्यांनी बाटल्यांचा एक खोकाच आणून दिला आणि म्हणाले, वहिनी, दारू म्हणून नको, औषध म्हणून रोज रात्री एक ग्लास घ्या. आमचं घर माळकरी. म्हणून मी स्टीलच्या ग्लासात घेते. सासूबाईंनी विचारलं तर कोकम सरबत सांगते. तीन आठवडे झाले. झोपही बरी लागते. अमेरिकेतल्या भाच्याने त्याच द्रव्याच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल पाठवल्यात, बाटली अजून फोडलेली नाही. कॅप्सूल घेतली तर वाइन सोडता येईल का? की आमचीच काळी द्राक्षं सालीसकट खाल्ली तरी चालेल? डॉक्टरांना विचारायची लाज वाटते. नाव छापू नका.’’

ताई,

आधी उत्तर देते, कारण आज रात्रीही तो स्टीलचा ग्लास भरला जाईल. वाइन बंद करा. कॅप्सूलची बाटली आहे तशी सीलबंद राहू द्या. द्राक्षं खा, साखर सांभाळून. आणि तीन आठवडे घेतलं त्याने काही विपरीत झालं असेल या धास्तीने झोप घालवू नका. या दुखण्याचा हिशोब आठवड्यांत होत नाही, वर्षांत होतो.

एवढ्यावर पत्र मिटवलं असतं. पण तुम्ही बागायतदाराच्या घरातल्या. ‘हे औषध मारू नका’ एवढं सांगून कुणी निघून गेलं तर तुम्ही त्याला बांधावर अडवून ‘का’ विचारणार. शिवाय तुमच्या भावजींनी वाचलेलं सगळं काही थाप नाही. त्यातलं निम्मं मी स्वतः वर्गात शिकवलेलं आहे.

१९९७ सालची गोष्ट. मी तेव्हा औषधशास्त्र शिकवत होते. ‘सायन्स’ या नियतकालिकात शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन पेझुटो यांच्या गटाचा एक लेख आला. ही मंडळी शेकडो वनस्पतींचे अर्क तपासत होती, कॅन्सर रोखणारं काही सापडतंय का म्हणून. पेरूमधल्या एका शेंगावर्गीय झाडात त्यांना एक द्रव्य सापडलं, रेझव्हेरट्रॉल. तेच द्राक्षाच्या सालीत आणि रेड वाइनमध्येही असतं. उंदरांच्या कातडीवर कॅन्सर आणणारी रसायनं लावली आणि त्यासोबत रेझव्हेरट्रॉल लावलं, तर १८ आठवड्यांत गाठींची संख्या डोसनुसार ६८ ते ९८ टक्क्यांनी कमी भरली. कॅन्सर सुरू होणं, वाढणं आणि पुढे सरकणं, तिन्ही टप्प्यांवर ते आडवं येत होतं. ९८ टक्के! दुसऱ्याच दिवशी मी फळ्यावर त्या रेणूची आकृती काढली आणि पोरांना म्हटलं, हे नाव लिहून ठेवा.

लेखात असलेली एक गोष्ट मात्र तेव्हा मी जोर देऊन सांगितली नाही. उंदरांना ते कातडीवर चोळलं होतं. कुणी त्यांना वाइन पाजली नव्हती.

आता हे द्रव्य द्राक्षात येतं कुठून, ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. भुरी, केवडा, फळकूज या रोगांशी तुमची दर हंगामात गाठ पडते. बुरशीने हल्ला केला, सालीला जखम झाली, ऊन जास्त लागलं की वेल आपल्या बचावासाठी काही द्रव्यं तयार करते. रेझव्हेरट्रॉल त्यातलंच एक. वेलीची स्वतःची फवारणी म्हणा. ते मुख्यतः सालीत असतं. व्हाइट वाइनला रस आधी गाळून घेतात आणि मग आंबवतात. रेड वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून ते रेडमध्ये उतरतं. त्यात एकटं रेझव्हेरट्रॉल नसतं. क्वेर्सेटिन असतं, रंग देणारी अँथोसायनिन असतात, तुरट टॅनिन असतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर यातल्या बऱ्याच द्रव्यांनी करामत दाखवली आहे. क्वेर्सेटिनसाठी तर बाटली उघडायचंही कारण नाही. लासलगावच्या कांद्यात ते भरपूर असतं, आणि कांदा खाऊन कॅन्सर बरा झाला असं निफाड तालुक्यातही कुणी म्हणत नाही.

पण बशीतल्या पेशींना आपण ते द्रव्य जेवढं हवं तेवढं थेट पाजतो. ग्लासातून ते गाठीपर्यंत पोहोचवायचं तर गणित करावं लागतं. चला, करू.

एक लिटर रेड वाइनमध्ये रेझव्हेरट्रॉल साधारण २ मिलिग्रॅम. द्राक्षाची जात आणि हवामान यांप्रमाणे कमीजास्त होतं, पण हिशोबाला २ धरू. तुमचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. भाच्याने पाठवलेल्या एका कॅप्सूलमध्ये ५००. म्हणजे एका कॅप्सूलइतकं द्रव्य वाइनमधून मिळवायचं तर २५० लिटर वाइन लागेल, तीनशे तेहतीस बाटल्या. एका दिवसाला. भावजींनी पाठवलेला खोका या हिशोबात सकाळच्या चहाआधीच संपतो.

आणि त्याच ग्लासात अल्कोहोल किती? साडेबारा टक्क्यांची वाइन धरली तर जवळजवळ १५ ग्रॅम. इकडे ०.३ मिलिग्रॅम, तिकडे १५ हजार मिलिग्रॅम. औषधाच्या एका भागामागे दारू पन्नास हजार भाग. फवारणीच्या टाकीत कुणी या प्रमाणात औषध कालवलं तर तुम्ही त्याला बागेत पाऊल ठेवू देणार नाही.

बरं, जे काही पोटात जातं त्याचं पुढे काय होतं, तेही पाहा. रेझव्हेरट्रॉल आतड्यातून चांगलं शोषलं जातं, सुमारे ७० टक्के. पण आतड्याची भिंत आणि यकृत त्याला लगेच सल्फेट किंवा ग्लुकुरॉनिक आम्लाची शेपटी जोडून लघवीवाटे बाहेर काढायच्या तयारीला लागतात. मूळ रूपात रक्तात फिरणारं एक टक्काही नसतं. बशीत ज्या तीव्रतेला पेशी मेल्या, ती तीव्रता वाइन पिणाऱ्या माणसाच्या रक्तात येतच नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तेव्हा विचारलं होतं, ‘‘मॅडम, पण रक्तात किती येतं?’’ मी म्हटलं होतं, ते अजून बघायचंय. त्या पोराला मार्क जास्त द्यायला हवे होते.

माणसांवर काय झालं? थोडं झालं, आणि ते मला लपवायचं नाही. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संशोधकांनी मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलेल्या २० रुग्णांना ऑपरेशनच्या आधी ८ दिवस रोज अर्धा किंवा एक ग्रॅम रेझव्हेरट्रॉल दिलं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी तपासल्या, तर पेशी वाढण्याचा वेग ५ टक्क्यांनी कमी झालेला. पाच. आतड्यातच हे दिसावं यात नवल नाही, कारण गिळलेलं द्रव्य तिथे यकृताकडे जाण्याआधीच भिडतं. पुढे २०१५ साली त्याच लेस्टरच्या गटाने उंदरांमध्ये असंही दाखवलं की आतड्याच्या गाठींवर काही परिस्थितीत लहान डोस मोठ्या डोसपेक्षा बरं काम करतो. म्हणजे विषय बंद झालेला नाही. पण हे सगळं आतड्याबद्दल आहे, मोजूनमापून दिलेल्या शुद्ध द्रव्याबद्दल आहे, आणि कुठेही ‘बरा झाला’ हा शब्द नाही.

दुसरी बाजूही ऐका. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या २४ रुग्णांना रोज ५ ग्रॅम रेझव्हेरट्रॉल देऊन पाहिलं. त्यातल्या काहींची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २०१० मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. मायलोमा मुळातच मूत्रपिंडावर घाला घालतो, हे खरं. पण औषधाने मदत केली नाही, हेही तितकंच खरं.

आणि रोजच्या जेवणातून हे द्रव्य घेणाऱ्यांचं काय? इटलीतल्या टस्कनीत, किआंती भागात, वाइन म्हणजे आपल्याकडचं ताक. तिथल्या दोन गावांमधल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांच्या लघवीतलं रेझव्हेरट्रॉल मोजलं आणि नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांच्या लघवीत ते जास्त होतं त्यांना कॅन्सर कमी झाला का? नाही. हृदयविकार कमी? नाही. जास्त जगले? तेही नाही. निकाल २०१४ मध्ये आला.

आता तुमच्यापुरती खास गोष्ट. हे पत्र लिहायला मी बसले ती खरं तर एवढ्यासाठीच.

पेझुटोंचा लेख गाजला त्याच वर्षी, त्याच शिकागो शहरात, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याचा तेवढा गाजावाजा झाला नाही. त्यांना दिसलं की रेझव्हेरट्रॉलची आकृती इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखं काम करणाऱ्या एका कृत्रिम औषधाशी मिळतीजुळती आहे. पेशींवर घालून पाहिलं, तर ते इस्ट्रोजेनच्या कुलपात किल्लीसारखं बसलं. आणि इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींची एक जात त्याने वाढली. कमी झाली नाही, वाढली. पुढे इतरांना कुठे ते इस्ट्रोजेनला साथ देताना दिसलं, कुठे अडवताना. डोस बदलला, पेशी बदलल्या की त्याचा स्वभाव बदलतो.

तुमची गाठ हार्मोन पॉझिटिव्ह होती, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसणारी. पाळी गेल्यावरही शरीरातली चरबी आणि स्नायू अरोमाटेझ नावाच्या एंझाइमच्या मदतीने थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतात. लेट्रोझोल त्या एंझाइमलाच टाळं लावते. सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, हे सगळं सोसून तुम्ही रोज ती गोळी घेता ती इस्ट्रोजेन तळाला नेण्यासाठी. आणि वर अशी कॅप्सूल घ्यायची, जी कधी इस्ट्रोजेनचं सोंग घेईल आणि कधी घेणार नाही, याचा भरवसा नाही? तेही वाइनच्या तीनशे बाटल्यांच्या मात्रेत? शिवाय मोठ्या मात्रेत हे द्रव्य यकृतातल्या औषधं पचवणाऱ्या एंझाइमांच्या कामात ढवळाढवळ करतं आणि रक्त गोठण्याच्या क्रियेतही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या वाचकांनीही हे वाक्य दोनदा वाचावं.

भाच्यावर रागावू नका. परदेशात बसलेल्या पोराला मावशीसाठी काही करता येत नाही, मग तो कुरिअर करतो. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ असं त्याला वाटलं असेल. फिनलंडमध्येही असंच वाटलं होतं. गाजर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसलं, म्हणून २९ हजारांहून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी घेतली आणि त्यातल्या निम्म्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल लागला. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. गाजर वेगळं, गाजरातून काढून ठासलेली गोळी वेगळी.

आता वाइनकडे येते, म्हणजे त्यातल्या दारूकडे. माझ्या लेखी तरी ग्लासातली खात्रीची गोष्ट तेवढी एकच आहे.

कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटात घातलं, म्हणजे माणसात कॅन्सर करणारी हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात. तंबाखूही त्याच रांगेत आहे. शरीर अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांचं स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी तिचा संबंध पक्का झालेला आहे. बिअर असो, देशी असो, की ओकच्या पिंपात मुरवलेली वाइन, अल्कोहोल तेच. स्तनाच्या बाबतीत आणखी एक भर आहे. दारूने रक्तातलं इस्ट्रोजेन वाढतं, पाळी गेलेल्या बायकांतही. पन्नासहून अधिक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००२ मध्ये काढलेला हिशोब असा, की रोज १० ग्रॅम अल्कोहोलमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. शंभर बायकांत सात जादा, असा त्याचा अर्थ नाही. मुळात जेवढा धोका होता त्याच्या सात टक्के भर, एवढाच अर्थ आहे. ही भर लहान आहे. पण तुमचा ग्लास १५ ग्रॅमचा, आणि एकदा या वाटेने जाऊन आलेल्या बाईने ती भर मुद्दाम औषध समजून का घ्यावी? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला निर्धोक म्हणता येत नाही.

मग हे रेड वाइनचं कौतुक आलं कुठून? १९९१ साली अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात फ्रेंचांची गोष्ट सांगितली गेली. लोणी, चीज, मांस भरपूर खाऊनही त्यांना हृदयविकार कमी, आणि त्याचं श्रेय बहुतेक रेड वाइनला, असं सेर्झ रनो या फ्रेंच संशोधकांचं म्हणणं. अमेरिकेत रेड वाइनची विक्री उसळली. गोष्ट हृदयाची होती, हे लक्षात घ्या. कॅन्सर तिच्यात नंतर कधीतरी घुसला, १९९७ च्या उंदरांवर बसून. हृदयाचा दावाही आता पूर्वीसारखा ठाम राहिलेला नाही. न पिणाऱ्यांच्या यादीत दुखणं आलं म्हणून पिणं सोडलेले लोकही असतात, त्यामुळे थोडी पिणारे उगाच तब्येतदार दिसतात. आणि गंमत म्हणजे दारू आणि तंबाखू मिळून अन्ननलिकेचा कॅन्सर कसा वाढवतात, हे दाखवणारा जुना आणि गाजलेला अभ्यास फ्रान्समधलाच आहे. ब्रिटनी प्रांतातल्या ईल-ए-विलेन या जिल्ह्यातला, १९७७ चा. संख्याशास्त्राचे विद्यार्थी अजून त्या आकड्यांवर हात साफ करतात. टीव्हीवाल्यांनी तो दाखवला नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, बाईंचा झाडपाल्यावर विश्वास दिसत नाही. उलट आहे. तुमची केमोची फाइल काढा. स्तनाच्या कॅन्सरच्या केमोत बऱ्याचदा पॅक्लिटॅक्सेल असतं. तुम्हालाही ते दिलं असेल, तर सलाइन लावण्याआधी स्टिरॉइडचं आणि ॲलर्जीचं इंजेक्शन दिलेलं तुम्हाला आठवेल. ते औषध अमेरिकेतल्या पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून निघालं. साल १९६२ मध्ये गोळा केली. त्यातला रेणू शुद्ध करून त्याची रचना १९७१ मध्ये जगापुढे मांडणाऱ्यांत मन्सुख वाणी होते. आपल्या खानदेशातल्या नंदुरबारला जन्मलेले, मुंबईत शिकलेले, पुढे अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम केलेले. त्याच जोडीने १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरच्या पेशींना रोखणारं द्रव्य काढलं होतं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडतं आणि त्यापायी ती झाडं चोरून तोडली जातात. अंगणातली सदाफुली तर ठाऊकच असेल. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कॅन्सरची औषधं तिचीच लेकरं.

पण सालीपासून सलाइनच्या बाटलीपर्यंत पॅक्लिटॅक्सेलला किती काळ लागला? तीस वर्षं. अमेरिकेत पहिली मंजुरी १९९२ मध्ये मिळाली, तीही अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. मूळ कॅम्पटोथेसिनची तर सत्तरच्या दशकात माणसांवर चाचणी झाली तेव्हा लघवीतून रक्त जाण्यासारखे त्रास झाले आणि काम थांबलं. त्या रेणूत फेरफार करून बनवलेली औषधं अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली. पाण्यात न विरघळणारं औषध शिरेतून कसं द्यायचं, कोणत्या कॅन्सरला, किती दिवसांनी, कुणाला द्यायचं नाही, हे ठरवण्यात ती वर्षं गेली. तुम्हाला सलाइनआधी टोचलेलं ते ॲलर्जीचं इंजेक्शनही त्या शिकण्यातून आलेलं. झाडातलं द्रव्य औषध होतं ते असं. कुणी तुम्हाला यूची साल उकळून प्या म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर जीवच गेला असता, ते झाड विषारी आहे. सदाफुलीची पानं चघळणारे मात्र आपल्याकडे अजून आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि पानं काढून घ्या.

रेझव्हेरट्रॉल ही वाट १९९७ पासून चालतंय. अजून पोहोचलेलं नाही.

द्राक्षांचं विचारलंत. खा. काळी शरद असोत की हिरवी थॉम्पसन, सालीसकट, चावून. त्यात कॅन्सरची दवा शोधू नका, फळ म्हणून खा. साखर काठावर आहे म्हणता, तर एका वेळी मूठभर, आणि जेवणावर ताव मारून वर नको. बेदाण्यांना हात आखडता, त्यात साखर आटून बसलेली असते. उकडलेल्या शेंगांतही थोडं रेझव्हेरट्रॉल असतं, हे उगाच माहितीसाठी. धुण्याबद्दल तुम्हाला काय सांगायचं. काढणीआधीच्या फवारण्या तुमच्याच घरच्या आहेत.

आता झोपेबद्दल. वाइनने झोप लवकर लागते हे खरं, पण दारू उतरली की पहाटे तीनला डोळे उघडतात आणि अंगातल्या वाफाही काही बायकांना वाढतात. मला वाटतं, तुम्हाला झोप लागत होती ती काही अंशी दुसऱ्याच कारणाने. केमो चालू होती तेव्हा दर तीन आठवड्यांनी कुणीतरी काहीतरी करत होतं. आता फाइल बंद, ‘सहा महिन्यांनी या’, आणि मधले दिवस तुमचे एकटीचे. अशा वेळी रोज रात्री स्वतःच्या हाताने काहीतरी करणं, चोरून का होईना, याचा आधार वाटतो. पेशंट बायका हे बोलत नाहीत, तुम्ही ग्लासाच्या आडून बोललात.

तर हाताने करण्यासारखं सांगते. लेट्रोझोल एकही दिवस न चुकवता घ्या. सांधेदुखीला कंटाळून पुष्कळ जणी परस्पर बंद करतात आणि सांगत नाहीत. दुखत असेल तर डॉक्टरांकडे उपाय आहेत, गोळी बदलताही येते. हाडांची घनता तपासली नसेल तर तपासून घ्या. आणि चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं, धाप लागेल न लागेल अशा वेगाने. बागेतल्या कामाची दगदग यात मोजायची नाही, ती वेगळी. वर म्हटलं ना, पाळीनंतर इस्ट्रोजेन चरबीतही बनतं. वजन आटोक्यात राहिलं तर तुमच्या गोळीला थोडी साथ मिळते, साखरही काठावरून मागे सरकते. सासूबाईंना देवळापर्यंत सोबत न्या. त्यांच्या वेगाने नव्हे, तुमच्या वेगाने. त्या ओट्यावर बसतील तेवढ्यात तुमच्या दोन फेऱ्या होतील.

सासूबाईंना सांगायचं की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न. मी असते तर सांगितलं नसतं. संपलं ते. भावजींना मात्र नीट सांगा. त्यांनी वाईट हेतूने काही केलं नाही आणि वाइनरीला द्राक्ष घालणं हा त्यांचा धंदा आहे, त्यात कमीपणा नाही. वरचं बाटल्यांचं गणित त्यांना करायला लावा, आकडेमोडीत बागायतदार पटकन पटतो. उरलेल्या बाटल्या त्यांच्या त्यांना परत.

राहिली डॉक्टरांची लाज. कॅन्सरच्या ओपीडीत बसणाऱ्या माणसाने गोमूत्रापासून गांजाच्या तेलापर्यंत सगळं ऐकलेलं असतं. तुमची तीन आठवड्यांची वाइन त्याच्या दिवसातली सगळ्यात साधी गोष्ट असेल. एका कागदावर लिहून न्या: काय घेतलं, किती, किती दिवस, कधी बंद केलं. तोंडाने बोलवत नसेल तर कागद पुढे सरकवा. कॅप्सूलची बाटलीही पिशवीत टाका, तिच्यावरचं लेबल फाडू नका. आत रेझव्हेरट्रॉलबरोबर आणखी काय काय भरलंय, ते त्यांना वाचू द्या.